पुतळा हलत नाही, पण फोटोत बदलतो

व्हॅटिकनच्या शिल्पदालनात एक फोटो काढायला दोन दिवस लागले होते. परवानगी, सामानाची ने-आण, तयारी हे सगळं धरून नव्हे. लेन्सचं झाकण काढल्यापासून ते परत लावेपर्यंत दोन दिवस! रॉबर्ट मॅकफर्सन हे रोममध्ये स्थायिक झालेले स्कॉटिश फोटोग्राफर. आपण काम कसं करतो हे १८६२ मध्ये सांगताना त्यांनी ही नोंद करून ठेवली. बाहेरच्या देखाव्यांना काही मिनिटं पुरतात, दालनांतल्या पुतळ्यांना बऱ्याचदा दोन तास लागतात आणि एखाद-दुसऱ्याला दोन दिवससुद्धा. मधली रात्र अर्थातच हिशेबात धरायची नाही, कारण अंधारात कॅमेऱ्यातल्या काचेवर (तेव्हा फोटो रसायन लावलेल्या काचेवर घेत) काहीच उमटत नाही.

त्या दोन दिवसांत पुतळ्यासमोरून कोणी चालत गेलं असलं, तरी फोटोत त्याचा मागमूसही राहणार नाही. इतक्या सावकाश बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या दृष्टीने चालता माणूस जवळजवळ नसतोच. उरतो तो फक्त पुतळा.

फोटोग्राफीच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांत संग्रहालयांमधल्या पुतळ्यांचे असे असंख्य फोटो निघाले. वरवर पाहता हा अगदी कोरडा, दप्तरी प्रकार वाटतो. पुतळा ठेवा, कॅमेरा लावा, नोंद करा. प्रत्यक्षात त्यात इतके निर्णय दडलेले असतात की एकाच पुतळ्याचे दोन फोटो शेजारी ठेवले, तर हा तोच का, असा प्रश्न पडावा.

पुतळाच का?

पहिलं कारण सरळ आहे. पुतळा हलत नाही. १८३९ मध्ये पॅरिसला लुई दागेर यांच्या फोटो काढण्याच्या तंत्राची घोषणा झाली, तेव्हा भर उन्हातल्या वस्तूलाही कित्येक मिनिटं लागत. एवढा वेळ माणसाला पापणी न हलवता बसवणं म्हणजे शिक्षाच. प्लास्टरच्या डोक्याची काही तक्रार नसते. दागेर यांच्या अगदी सुरुवातीच्या, १८३७ च्या मानल्या जाणाऱ्या फोटोत एका कोपऱ्यात प्लास्टरच्या प्रतीच मांडलेल्या दिसतात. त्याच काळात पॅरिसमध्येच इपोलित बायार यांनी कागदावर थेट फोटो उमटवण्याची स्वतःची पद्धत शोधली. त्यांनीही छोट्या पुतळ्यांचे गट मांडून पुन्हा पुन्हा फोटो काढले.

दुसरं कारण रंगाचं. ते जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची बरीच गोष्ट त्यावर उभी आहे. त्या काळचं चांदीच्या क्षारांचं रसायन आपल्या डोळ्यासारखं बघत नसे. त्याला निळा, जांभळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश चांगला कळे. पिवळा जेमतेम कळे, आणि लाल जवळजवळ नाहीच. (डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो याच कारणाने.) पांढरं प्लास्टर सगळेच रंग परतवतं, त्यामुळे ते झटकन उमटे. तपकिरी पितळी झाक आलेलं ब्राँझ, भाजलेल्या मातीची लाल मूर्ती किंवा वयाने पिवळसर झालेला संगमरवर मात्र प्रत्यक्षापेक्षा कितीतरी काळा येई. ब्राँझची आणखी एक खोड म्हणजे अंग काळंकुट्ट आणि त्यावर चमकेचे पांढरे ठिपके. मूळ वस्तूऐवजी तिच्या प्लास्टरच्या प्रतीचा फोटो काढणं कित्येकदा सोयीचं ठरे ते यामुळेच.

हर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाला १८७३ मध्ये कळलं की काही रंगद्रव्यं मिसळली, तर काचेला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. तोपर्यंतचा प्रत्येक फोटो म्हणजे निळ्या चष्म्यातून पाहिलेलं जग. जुन्या फोटोतला पुतळा डागाळलेला दिसला, तर दगडच तसा होता असं लगेच समजू नये. डोळ्याला फिकट पिवळा वाटणारा डाग काचेने काजळीसारखा पाहिलेला असू शकतो.

तिसरं कारण सवयीचं. युरोपातल्या कलाशाळांत विद्यार्थी जिवंत माणूस काढायला बसण्याआधी प्लास्टरची डोकी, हात, पाय काढून हात बसवत. पुतळा समोर ठेवून उजेड-सावलीचा अभ्यास करायचा ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. कॅमेरा हा त्या वर्गातला नवा विद्यार्थी.

एक डोकं, अनेक चेहरे

या नव्या विद्यार्थ्याचा सगळ्यात हुशार शिक्षक म्हणजे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. निगेटिव्हवरून (म्हणजे उजेड-सावली उलटी उमटलेल्या मूळ चित्रावरून) कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येतात हे दाखवणारे हे इंग्रज गृहस्थ लेकॉक अ‍ॅबी या आपल्या राहत्या वाड्यात प्रयोग करत. त्यांच्याकडे ‘पॅट्रोक्लस’ (ग्रीक कथांमधला एक योद्धा) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका अर्धपुतळ्याची प्लास्टरची प्रत होती. दाढी, विस्कटलेले केस, वळलेली मान, किंचित उघडे ओठ. मूळ संगमरवरी मस्तक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या एका डोक्याचे टॅल्बट यांनी काही वर्षांत डझनांनी फोटो काढले. १८४४ ते १८४६ या काळात त्यांनी फोटोंचं जे पुस्तक हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केलं, त्यातल्या चोवीस चित्रांमध्ये हा पॅट्रोक्लस दोनदा येतो, पाचव्या क्रमांकावर आणि सतराव्या क्रमांकावर.

चोवीसच जागा, आणि त्यातल्या दोन एकाच डोक्याला! कारण पाचव्या चित्राबरोबरच्या मजकुरात सापडतं. टॅल्बट सांगतात की पुतळे पांढरे असल्याने लवकर उमटतात, पण त्यांचं चित्र किती तऱ्हेने काढता येईल याला सुमार नाही. समोरून, बाजूने किंवा मधल्या कोणत्याही कोनातून काढा, प्रत्येक वेळी परिणाम वेगळा. ऊन कोणत्या बाजूने येतं हा दुसरा भाग. पुतळा चौथऱ्यावर थोडा थोडा फिरवत गेलं की आणखी वेगळी चित्रं मिळतात, आणि कॅमेरा पुढे-मागे केला की त्याहून वेगळी. यानंतर ते एक व्यवहारी सल्ला देतात. कडक उन्हापेक्षा ढगाळ दिवस बरा, कारण उन्हातल्या गडद सावल्या आकाराचा गोंधळ करतात. ऊन असलंच, तर पुतळ्याच्या सावलीकडच्या बाजूला जरा अंतरावर पांढरं कापड धरावं, म्हणजे त्यावरून परतलेला उजेड सावलीत जाईल आणि तिथले बारकावे हरवणार नाहीत.

आज लग्नाच्या फोटोग्राफरचा मदतनीस हातात पांढरी चकती घेऊन उभा असतो ना, त्याचं काम टॅल्बट यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय.

या गोष्टीची खात्री करायला संग्रहालयात जावं लागत नाही. कोणतीही छोटी पांढरी मूर्ती खिडकीपाशी ठेवा आणि मोबाइलने तीन फोटो काढा. पहिला, उजेड समोरून येत असताना: नाक, गाल, कपाळ सगळं सपाट, चपातीसारखं. दुसरा, उजेड एका बाजूने तिरपा येत असताना: डोळ्यांच्या खोबणी खोल होतात, ओठांच्या कडा उठतात, केसांची एकेक बट सुटी होते. संध्याकाळच्या उन्हात रस्त्यावरचे खड्डे दुपारपेक्षा ठळक दिसतात, तोच हा प्रकार. तिसरा, दुसऱ्या फोटोच्याच जागेवरून पण सावलीकडे पांढरा कागद धरून. आता खोली टिकते आणि अंधारातला गालही दिसतो. मूर्ती तीच आहे. पण पहिल्या फोटोतली निर्विकार, दुसऱ्यातली करारी आणि तिसऱ्यातली शांत वाटली, तर त्यात कारागिराचा हात किती आणि खिडकीचा किती?

संग्रहालयाच्या छपरावर

१८५० च्या दशकात ही विद्या संग्रहालयांनी उचलली. ब्रिटिश म्युझियमने रॉजर फेंटन यांना नेमलं. वकिलीचं शिक्षण घेतलेले हे फोटोग्राफर पुढे १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धभूमीवर काढलेल्या फोटोंसाठी जास्त ओळखले गेले. संग्रहालयाच्या छपरावर त्यांच्यासाठी काचेची खोली बांधली होती, कारण चांगला उजेड तिथेच. १८५४ मध्ये काम सुरू झालं ते निनेवे या प्राचीन असिरियन शहरातून आलेल्या कीलाकार लिपीच्या मातीच्या वड्यांपासून. त्या हातात मावणाऱ्या. पाचशे-हजार किलोचा पुतळा छपरावर कोण नेणार? मग कॅमेरा खाली दालनात आला, आणि छतातल्या झरोक्यातून पडेल तो उजेड गोड मानून घ्यावा लागला.

लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन म्युझियमने (आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) १८५६ मध्ये चार्ल्स थर्स्टन थॉम्प्सन यांना आपले अधिकृत फोटोग्राफर केलं. तिथे संध्याकाळी प्रेक्षकांसाठी गॅसचे दिवे लागत, तेही त्या काळी नवलच. फोटोला मात्र त्या दिव्यांचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण गॅसचा उजेड पिवळा आणि काचेला हवा निळा. थॉम्प्सन १८६८ मध्ये वारल्यावर त्यांची बहीण इझाबेल अ‍ॅग्नेस काउपर त्या जागी आली आणि १८९१ पर्यंत तिने ते काम सांभाळलं. तेवीस वर्षं हा काही थोडका काळ नाही. तिने काढलेल्या फोटोंवरून कित्येकांनी शिल्पकलेचा अभ्यास केला, पण तिचं स्वतःचं नाव मात्र बराच काळ कुणाच्या फारसं ओठावर नव्हतं.

संग्रहालयांना हे फोटो कशासाठी हवे होते? आपल्याकडे काय आहे याची नोंद म्हणून, दूरच्या अभ्यासकाला पाठवायला, हस्तकलेच्या शाळांना नमुने म्हणून, आणि विक्रीसाठीही. त्या काळात मूळ वस्तू आणि तिची प्रत यांच्यात आजच्याइतकी उच्च-नीच मानली जात नसे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी साउथ केन्सिंग्टनचे संचालक हेन्री कोल यांनी युरोपातल्या राजघराण्यांतल्या पंधरा राजपुत्रांच्या सह्यांनिशी एक करार घडवला. प्रत्येक देशाने आपल्या उत्तम कलाकृतींच्या प्लास्टरच्या, धातूच्या प्रती आणि फोटो काढावेत आणि एकमेकांना द्यावेत, अशी ती योजना. प्लास्टरची प्रत आणि फोटो ही त्यांच्या लेखी सख्खी भावंडं होती. एक जड, महाग आणि सगळ्या बाजूंनी खरी. दुसरी हलकी, स्वस्त आणि एकाच बाजूने खरी.

ही एकच बाजू सगळ्यांनाच खुपत असे. त्यावर निघालेला एक तोडगा म्हणजे जोडफोटो. दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढ्या फरकाने काढलेले दोन फोटो शेजारी चिकटवायचे आणि भिंगाच्या पेटीतून पाहायचे, की पुतळा कागदातून उठून समोर येतो. फेंटन यांनी ब्रिटिश म्युझियमच्या दालनांचे असे जोडफोटो काढले. पॅरिसच्या फ्रांस्वा विलेम यांनी तर १८६० च्या सुमारास सगळा व्यवहारच उलटा केला. गोल खोलीच्या मध्ये माणूस उभा करायचा, भोवतालच्या चोवीस कॅमेऱ्यांनी एकदम फोटो घ्यायचे, आणि त्या चोवीस कडा पँटोग्राफने (रेषा गिरवून तशीच दुसरीकडे उतरवणाऱ्या यंत्राने) मातीत उतरवून पुतळा घडवायचा. धंदा फार दिवस चालला नाही, पण आजच्या थ्रीडी स्कॅनिंगमुळे कल्पना ओळखीची वाटते ना?

ओली काच, कोरडी काच

आता मॅकफर्सन यांच्या दोन दिवसांकडे. १८५१ पासून सगळीकडे रूढ झालेली पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात जाऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. काच सुकली की तिची संवेदना गेलीच. बागेत, छपरावर, उन्हात ही पद्धत उत्तम, बारकावा असा की केसन्‌केस मोजावा. पण ज्या अंधाऱ्या दालनात दोन तास लागणार, तिथे पंधरा मिनिटांत सुकणारी काच काय कामाची?

म्हणून मॅकफर्सन यांनी कलोडियनवर अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर देण्याची पद्धत धरली. तोपेनो या फ्रेंच संशोधकाची ही १८५५ ची युक्ती. अशी काच कोरडी झाल्यावरही टिकते, आदल्या दिवशी तयार करून ठेवता येते. तोटा एवढाच की ती फारच मंद असते. माणसाच्या फोटोत हा मंदपणा त्रासदायक. पुतळ्याला कसली घाई? दालन अंधारं म्हणून वेळ जास्त, वेळ जास्त म्हणून काच कोरडी, काच कोरडी म्हणून वेळ आणखी जास्त. अशी ती साखळी दोन दिवसांपर्यंत पोचली.

या लांबलेल्या वेळाचा फोटोवर एक परिणाम होतो आणि तो मला फार आवडतो. दोन तासांत सूर्य सरकतो, ढग येतात-जातात, झरोक्यातला उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो. त्यामुळे सावल्यांच्या कडा विरघळतात. पुतळ्यावर कुठल्याच एका क्षणाचा उजेड राहत नाही. सगळ्या दुपारचा मिळून एक उजेड तयार होतो. असा उजेड कोणत्याही प्रेक्षकाने कधीही डोळ्यांनी पाहिलेला नसतो. व्हॅटिकनमधले हे पुतळे रात्री मशालींच्या उजेडात पाहायला जाण्याची तेव्हाच्या हौशी प्रवाशांत मोठी चाल होती. हलत्या ज्योतीत दगड श्वास घेतल्यासारखा वाटे म्हणे. त्याच पुतळ्यांना मॅकफर्सन यांच्या फोटोंनी नेमका उलटा अनुभव दिला: सावकाश, समतोल आणि जरा काळाबाहेरचा.

मागची बाजू हाही हाताळणीचा विषय. दालनात पुतळ्यामागे दुसरे पुतळे, खिडक्या, दारं असत. ती नको असली तर काळं कापड टांगत. तेवढ्याने भागलं नाही, तर निगेटिव्हवरच काम करत. निगेटिव्हमध्ये पुतळ्याभोवतीचा भाग जाड रंगाने झाकला की छापात पांढरी पार्श्वभूमी येते. तोच भाग खरवडून काढला की काळी. हे करताना कुंचला जिथून फिरला, तीच पुतळ्याची कड ठरते. हात जरा आत गेला की खांदा बारीक, कुरळ्या केसांची किनार गुळगुळीत. जुन्या फोटोत पुतळा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसला, तर तिथे शिल्पकाराच्या छिन्नीबरोबर रिटचिंग (फोटोत हाताने दुरुस्ती) करणाऱ्याचा कुंचलाही चाललेला असतो.

आणि पार्श्वभूमी गेली की मापही जातं. बोटभर ब्राँझची मूर्ती आणि दोन पुरुष उंचीचा देव, दोघेही त्याच आकाराच्या पुठ्ठ्यावर, त्याच काळ्या पोकळीत तरंगतात.

मद्रासचे दगड

आपल्या जवळचं उदाहरण लिनिअस ट्राइप यांचं. मद्रास सैन्यातले हे अधिकारी १८५६ मध्ये मद्रास इलाख्याचे सरकारी फोटोग्राफर झाले. १८५८ मध्ये त्यांनी मद्रासच्या सेंट्रल म्युझियममधल्या अमरावतीच्या शिल्पांचे फोटो काढले. कृष्णेकाठच्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचे हे शिल्पपट. वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने १८४५ मध्ये तिथे उत्खनन केलं आणि सापडलेले दगड मद्रासला नेले, म्हणून इंग्रजांनी त्यांना नाव दिलं ‘एलियट मार्बल्स’. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं लंडनला नेणाऱ्या लॉर्ड एल्गिनच्या ‘मार्बल्स’ची ही सरळ नक्कल. गंमत अशी की अमरावतीचा दगड मार्बल नाहीच, तो फिकट हिरवट-राखाडी चुनखडक आहे.

ट्राइप यांचे हे फोटो फेंटन यांच्यासारखे देखणे नाहीत, आणि त्यामुळेच ते बघण्यासारखे आहेत. समोर एकसंध पुतळा नाही. तुटके पट आहेत, कमळांची अर्धी वर्तुळं आहेत, गर्दीने भरलेले प्रसंग मध्येच संपतात. ही उठावशिल्पं. आकृत्या दगडाच्या पृष्ठभागापासून जेमतेम काही बोटं उठलेल्या. त्यामुळे उजेडाचा प्रश्न इथे पॅट्रोक्लसपेक्षा अवघड. समोरून उजेड पडला तर घोडे, हत्ती, बायका-पुरुष सगळे एका करड्या चादरीत मिसळतात. फार तिरपा पडला तर पुढच्या ओळीतल्या आकृतीची सावली मागच्या ओळीतल्या चेहऱ्यावर बसते आणि तो चेहरा गेलाच. आकृत्या वाचता येतील इतका तिरपा आणि एकमेकींना गिळणार नाहीत इतका मऊ, अशा उजेडाची वाट बघत बसणं हेच त्यातलं खरं काम.

फोटो निघाल्यावर वर्षभरातच त्यातले बरेच दगड जहाजाने लंडनला रवाना झाले. तिथे ते काही वर्षं एका सरकारी वाड्याच्या गाडीखान्यात पडून होते. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांच्या नजरेला ते १८६७ मध्ये पडले, आणि पुढच्या वर्षीच्या सांची-अमरावतीवरच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात त्या दगडांचे नव्याने काढलेले फोटो आले. १८८० मध्ये शिल्पं ब्रिटिश म्युझियमकडे गेली. आजही ती तिथेच आहेत. उरलेली चेन्नईच्या संग्रहालयात.

म्हणजे ट्राइप यांच्या संचात हे दगड मद्रासमध्ये एकत्र असतानाचे दिसतात. लंडनचा तुकडा आणि चेन्नईचा तुकडा आज प्रत्यक्षात शेजारी आणायचे, तर केवढी पत्रापत्री करावी लागेल! या संचात पान उलटलं की झालं. खुद्द ट्राइप यांचं फोटोचं खातं मात्र सरकारने लवकरच काटकसरीच्या नावाखाली बंद केलं.

बरोबर बाजू कुणी ठरवायची?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा वाद एकदाचा उघड्यावर आला. हाइनरिश व्योल्फलिन या स्विस कला-इतिहासकारांनी १८९६ आणि १८९७ मध्ये शिल्पांचे फोटो कसे काढावेत यावर लेख लिहिले आणि १९१५ मध्ये पुन्हा त्याच विषयाकडे आले. त्यांची तक्रार अशी, की फोटोग्राफर मंडळी चित्र ‘जिवंत’ दिसावं म्हणून पुतळ्याच्या बाजूला सरकतात आणि शिल्पकाराने आखलेली रेषाच मोडून टाकतात. त्यांचं एक उदाहरण फ्लॉरेन्समधला, शिल्पकार व्हेरोकिओचा ब्राँझचा डेव्हिड. एका जागेवरून तलवार, कमरेवरचा हात, पुढे आलेला पाय सगळं स्वच्छ वाचता येतं. दोन पावलं बाजूला सरकलं की तेच अवयव एकमेकांत घुसतात. या शिल्पांना एक मुख्य बाजू असते, ती शोधा आणि तिथेच कॅमेरा लावा, असं त्यांचं म्हणणं.

मला हे अर्धंच पटतं. रेनेसाँसच्या (युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या) पूर्वार्धातल्या, कोनाड्यात किंवा भिंतीला लागून उभ्या राहणाऱ्या कित्येक पुतळ्यांना ते लागू पडतं. पण फ्लॉरेन्समध्येच जांबोलोन्या या शिल्पकाराचं १५८३ चं तीन देहांचं गुंतलेलं शिल्प आहे. ते मुळात प्रेक्षकाने भोवती फिरावं म्हणूनच घडवलं. त्याची मुख्य बाजू शोधणं म्हणजे गोल जिन्याचा पुढचा भाग शोधणं. शिवाय व्योल्फलिन फोटोग्राफरला ज्या गोष्टीबद्दल दटावतात, ती काहींच्या हातात कला झाली.

ओग्युस्त रोदाँ या फ्रेंच शिल्पकाराचंच पाहा. ते स्वतः कॅमेरा हाती धरत नसत, पण फोटोग्राफर नेमून घेत आणि छापांवर शाईने रेघोट्या ओढून शिल्पात काय बदलायचं ते ठरवत. त्यांचा, कादंबरीकार बाल्झाकचा पुतळा १८९८ मध्ये लोकांसमोर आला आणि ज्या लेखकसंघाने तो मागवला होता, त्यानेच तो नाकारला. दहा वर्षांनी, १९०८ मध्ये, एडवर्ड स्टायकेन हा तरुण फोटोग्राफर पॅरिसजवळच्या मदाँ गावी रोदाँकडे आला. प्लास्टरचा तो पांढराफटक पुतळा उघड्यावर हलवण्यात आला. दिवसाच्या उजेडात प्लास्टर खडूसारखं बोथट दिसे, म्हणून स्टायकेनने चांदण्यात, रात्र रात्र जागून फोटो काढले, एकेकाला पाव तासापासून तासाभरापर्यंत वेळ देत. फोटोत झगा पांघरलेला एक उंच आकार क्षितिजावर उभा आहे. नाक-डोळे जवळजवळ नाहीत. वाड्यातला कुणी मोठा माणूस मध्यरात्री झोप न येऊन बाहेर येऊन थांबावा, तसा.

ब्राँझचा बाल्झाक पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला तो १९३९ मध्ये, रोदाँ जाऊन बावीस वर्षं झाल्यावर. तोपर्यंत दूरदेशीच्या कित्येकांनी पाहिला होता तो स्टायकेनचा बाल्झाक. व्योल्फलिन यांच्या कसोटीवर हे फोटो सपशेल नापास व्हावेत, कारण त्यांतून शिल्पाचा तपशील काहीच कळत नाही. पण रोदाँ त्यांवर खूश होते.

जुना फोटो हाती आला तर

पहिल्यांदा नाकाची सावली बघा. ती कुठल्या बाजूला आणि किती लांब पडलीय, त्यावरून खिडकी कुठे होती ते कळतं. सावलीची कड धारदार असेल तर ऊन थेट पडत होतं. विरलेली असेल तर ढगाळ दिवस तरी असेल, नाहीतर लांबलचक वेळ. मग पायथा. चौथऱ्याचा वरचा पृष्ठभाग दिसतोय, की कडेची फक्त एक रेघ? वरचा भाग दिसत असेल तर कॅमेरा चौथऱ्याहून वर होता. उंच कोनाड्यासाठी घडवलेला संत असा समोरासमोर पाहिला, की त्याचं डोकं उगाच मोठं आणि पाय आखूड वाटतात, कारण शिल्पकाराने ती मापं खालून बघणाऱ्यासाठी धरलेली असतात. त्यानंतर शरीराची बाह्यरेषा बोटाने गिरवा, कुंचला कुठे चुकलाय ते सापडतं. आणि मागची बाजूही चुकवू नका. पुठ्ठ्यामागे क्रमांक, पेन्सिलीचे शेरे, ग्रंथालयाचे शिक्के असतात. बरीच वर्षं हे फोटो ग्रंथालयांच्या कपाटात कामचलाऊ साहित्य म्हणून पडून होते. एखादा फाटला तर नवा छापत. संग्रहालयांनी त्यांना संग्रहातली वस्तू म्हणून नोंदवायला सुरुवात केली ती फार अलीकडे.

थॉम्प्सन यांचा एक फोटो आहे, १८५३ चा. तो पुतळ्याचा नाही, व्हेनिसच्या एका नक्षीदार आरशाचा आहे. काम होतं आरशाच्या कोरीव चौकटीची नोंद करण्याचं. पण आरसा म्हटल्यावर समोरचं दिसणारच. चौकटीच्या मधोमध तिवईवरचा कॅमेरा आणि त्याच्या बाजूला उभे थॉम्प्सन, दोघेही स्वच्छ उमटलेत. ते पुसून टाकता आले असते. निगेटिव्हवर थोडा रंग फिरवला असता तरी भागलं असतं. त्यांनी तो फोटो तसाच छापला.